कुबलसरांची सही

कुबलसरांवर मी जेवढी चिडले तेवढी उभ्या आयुष्यात कुणावर चिडले नसेन. नवऱ्यावर नाही, सासूवर नाही, आमच्या प्राचार्यांवरही नाही, आणि आमचे प्राचार्य चांगलेच चिडण्यासारखे होते. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी कुणी येऊन “मॅडम, पाऊस सुरू झाला” म्हणालं, की सरांचा प्रश्न माझ्या तोंडाशी येतो आणि मी तो गिळून टाकते. “तुम्ही स्वतः पाहिलात?”

या एका प्रश्नाने त्यांनी अख्ख्या तोंडवळी गावाला जेरीस आणलं होतं. वाडीतलं कुणी म्हातारं माणूस गेल्याचं सांगायला शेजारी आला, तरी सर आधी हेच विचारायचे. शेजाऱ्याने पाहिलेलं नसायचं. मग सर पायात चपला सरकवून स्वतः बघून यायचे आणि परत आल्यावर भिंतीवर वेळ लिहून ठेवायचे. त्यासाठी गळ्यात सुतळीला बांधलेली पेन्सिल कायम असायची. पेनवर त्यांचा विश्वास नव्हता. दाराच्या चौकटीवर भरती-ओहोटीच्या वेळा, स्वयंपाकघरात भात शिजायला लागलेली मिनिटं, न्हाणीच्या दारावर पाणी तापायला लागलेली. लिहिलं नाही ते घडलं नाही, असं ते वर्गात शिकवल्यासारखं सांगत.

घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. आवडीमावशी विधवा होती, मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि तोंडाने फटकळ होती. दर गणेशचतुर्थीच्या आधी ती भिंतींना चुना काढायची आणि चतुर्थी झाली की सर पहिल्यापासून सुरुवात करायचे. एकदा माझ्यासमोरच ती म्हणाली, “हो जल्मलो ता कोणी लिवन ठेवूक नाय. मगे हो हंय बसलोहा कसो?” सरांनी मान वर केली नाही. ते भाताची वेळ लिहीत होते.

सर म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. वडील, भाऊ सगळे होडीवर. हा एकटा शिकत गेला, डॉक्टरेट मिळवली आणि तिकडे बंगालात एका संशोधन संस्थेत तीस वर्षं राहिला. लग्न केलं नाही. दोन हजार एकच्या सुमाराला निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा बरोबर कागदांच्या दोन ट्रंका होत्या, सीडींचा एक खोका होता आणि एक अर्धवट राहिलेलं काम होतं. त्या कामाने पुढे आम्हा सगळ्यांचा जीव खाल्ला, म्हणून ते काय होतं ते सांगून टाकते.

त्यांच्या संस्थेत एक मोठं यंत्र होतं. निसर्गात कुठेही सापडत नाहीत अशी अणुकेंद्रकं तिथे तयार करत. कागदाहून पातळ धातूच्या पत्र्यावर दुसऱ्या मूलद्रव्याचा झोत सोडायचा. अगणित टकरींतून एखादीत दोन केंद्रकं एकमेकांना चिकटतात आणि त्यातून भलतंच काही जन्माला येतं. त्यात प्रोटॉन फार, न्यूट्रॉन कमी, म्हणजे संसार मुळातच न टिकणारा. सेकंदाच्या लहानशा भागात ते मरतं आणि मरताना एक प्रोटॉन बाहेर फेकतं. मोठमोठ्या चुंबकांमधून त्याला बाकीच्या गर्दीतून बाजूला काढून शोधकापर्यंत, म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोचवलं, तर त्या प्रोटॉनची एक टिचकी नोंदली जाते. ते होतं, याचा तेवढाच पुरावा.

सरांच्या गटाने असं एक केंद्रक बनवलं होतं, जे तोवर जगात कुणी पाहिलं नव्हतं. तीन आठवडे यंत्र चालवून टिचक्या मिळाल्या सव्वीस. त्यांतल्या एकोणीस दणदणीत, एकसारख्या ताकदीच्या. उरलेल्या सात बारीक, आणि सातही कामाच्या एकाच पाळीत आलेल्या. सर त्या सातांना केंड म्हणायचे. केंड म्हणजे आमच्याकडचा जाळ्यात आल्यावर फुगून बसणारा मासा. दिसतो मोठा, पण विषारी, खाण्याच्या कामाचा नाही. हे सात केंड आहेत की मासे, एवढाच प्रश्न होता.

शोधनिबंध लिहून तयार होता. तो अनिर्बाण नावाच्या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने लिहिला होता. अनिर्बाणची नोकरी कंत्राटी होती आणि हा निबंध छापून आला तर ती पक्की व्हायची होती. पण गटाचे प्रमुख म्हणून सरांची सही झाल्याशिवाय तो कुठे पाठवता येत नव्हता. सात ठेवायचे तर ते खरे आहेत असं म्हणावं लागणार होतं. काढायचे तर का काढले ते सांगावं लागणार होतं. सर दोन्ही करेनात. ते निवृत्त झाले, गावी आले, आणि बिनसहीचा निबंध त्यांच्याबरोबर तोंडवळीला आला.

मी धामापूरची, शेतकऱ्याची मुलगी. तालुक्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. असल्या कामांबद्दल मी पुस्तकात चार ओळी वाचलेल्या. इतका मोठा माणूस आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिलाय म्हटल्यावर मीच हौसेने त्यांना कॉलेजात बोलावलं. ही माझी चूक.

सर आले, हार नको म्हणाले, चहा प्याले आणि प्रयोगशाळा बघायला मागितली. तिथे किरणोत्सर्ग टिकटिकून मोजणारा आमचा एकमेव गायगर काउंटर होता. त्यांनी तो सुरू केला, कान लावला आणि माझ्याकडे बघितलं. काउंटरची नळी मेलेली होती. किती वर्षं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरी दर वर्षी आमची मुलं त्याच काउंटरवर उत्तम आकडे काढून पैकीच्या पैकी गुण मिळवत होती. आमच्या प्रयोगशाळा सहायकाकडे एक जुनी वही होती, तिच्यात प्रत्येक प्रयोगाचे चांगले आकडे होते, आणि ती वही पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातून फिरत होती. मला हे माहीत नव्हतं असं मी सरांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

सरांनी ती वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तोंडवळीला निघून गेले. प्रात्यक्षिक परीक्षेला आठ दिवस होते. त्याच कपाटात बाकीच्या प्रयोगांची भिंगंही होती. मी दोनदा किल्ली मागायला गेले, दोन्ही वेळा मला सोलकढी मिळाली. परीक्षेच्या दिवशी मुलांनी सरांच्या सांगण्यावरून उत्तरपत्रिकेत एकच ओळ लिहिली की यंत्र बंद आहे, त्यामुळे निरीक्षण घेता आले नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डोक्याला हात लावला. पालक माझ्या घरी आले. मी सरांकडे जाऊन चांगली तणतणले, तर ते शांतपणे म्हणाले की मुलांनी खरं लिहिलं, त्यांना पैकीच्या पैकी मिळायला हवे होते.

मग काय वाटलं कोण जाणे, महिनाभर येऊन त्यांनी तो काउंटर दुरुस्त केला. नळी कुठून तरी मागवली, सर्किट स्वतः जोडलं. काउंटर टिकटिकायला लागला तेव्हा सरांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी माफ करून टाकलं. तेही जरा घाईनेच.

कारण पुढच्या चतुर्थीच्या तोंडावर मालवणच्या बाजारातून गॅसबत्तीचे मेंटल, म्हणजे बत्तीत पेटणाऱ्या जाळीच्या पिशव्या, नाहीसे झाले. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. त्यातून एक वायू सुटतो आणि त्याची निम्मी केंद्रकं मिनिटभरात मरतात. सरांना वाटलं, आमच्या मुलांनी एखादं केंद्रक मरताना स्वतः बघितलं पाहिजे. पण नव्या मेंटलमध्ये थोरियम घालणं बंद होत आलं होतं, म्हणून त्यांनी दोन दुकानांतले सगळे खोके उचलून आणले आणि एकेक काउंटरसमोर धरून तपासले. जुने चार-पाच निघाले. दिवे सारखे जायचे, घरोघरी भजनं, आणि लोकांना मेंटल मिळेना. दुकानदार मला रस्त्यात गाठून बोलायचा, कारण सर त्याला सापडत नव्हते. चतुर्थी उरकल्यावर सरांनी उरलेले मेंटल प्रामाणिकपणे परत केले, पण प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीने ‘निरुपयोगी’ असं लिहून. चांगले मेंटल, पण ते पुढे कोण घेणार? तो दुकानदार अजून माझ्याशी धड बोलत नाही.

प्रयोग मात्र झाला. प्लॅस्टिकच्या बाटलीत मेंटल घालायचा, बाटली दाबून वायू काउंटरच्या डब्यात सोडायचा आणि टिकटिक विरत जाते ती दर दहा सेकंदांनी लिहायची. पुस्तक उघडायचं नाही अशी सरांची सक्त ताकीद. टिकटिक निम्मी व्हायला किती सेकंद लागतात, तो रूपाली नावाच्या मुलीचा आकडा थेट पुस्तकातला आला. सरांनी तिची वही बघितली आणि म्हणाले, “तुम्ही पुस्तक पाहिलंत. तुमचे आकडे फार चांगले आहेत.” ती रडायला लागली. मला त्यांचा इतका राग आला की मी वर्गाबाहेर निघून गेले. पण पुढचे तीन दिवस दुपारी हेच सर तिच्याबरोबर बाटली दाबत बसले. तिचा आकडा पुस्तकापेक्षा बराच जास्त आला. सरांनी वही मिटली आणि तिला सांगितलं की हा तुमचा आकडा, आता पुस्तकातला बघितलात तरी चालेल.

मी एम.फिल.साठी त्यांच्याकडे रविवारी जायला लागले, ते हे सगळं डोळ्यांदेखत असताना. आलेख काढायचे, सीडीवरचे आकडे तपासायचे, आणि दर रविवारी निबंधाच्या पहिल्या पानावरची नावांची यादी वाढलेली बघायची. अनिर्बाणने नावं घातली होती नऊ. सरांनी ती एकतीसवर नेली. द्रव नायट्रोजनचे डबे ढकलणारा, पंप सांभाळणारा, वीज गेली की जनरेटर चालू करणारा, सगळे आत. संस्थेकडून पत्र आलं की असं चालत नाही. सरांनी पत्र माझ्याकडे टाकलं आणि ते मालवणीवर उतरले. शास्त्राचं बोलताना ते पुस्तकी मराठी बोलायचे, मालवणी बाहेर पडली की समजायचं आता वाद घालण्यात अर्थ नाही.

“रापणीत कसा आसता? ज्येनां दोराक हात लावलो त्येका वाटो. शेवटाक येवन हात लावलो तरी वाटो. हंय येगळा कित्याक?”

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायचं मोठं जाळं. तिथला नियम खरा आहे, मी स्वतः वाटे पडताना बघितलेत. पण अणुकेंद्रकाच्या निबंधाला तो लावणारा माणूस मी एकच बघितला. एकतीस माणसांच्या वाट्याचा निबंध घरात पडून होता आणि कुणाला काहीच मिळत नव्हतं, हे मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात अनिर्बाण स्वतः आला. दोन गाड्या बदलून कुडाळला उतरला, तिथून एसटीने. हडकुळा, चष्मेवाला, अतिशय सभ्य मुलगा. बॅगेत निबंधाची ताजी प्रत. युरोपातला एक गट त्याच केंद्रकामागे लागलाय आणि त्यांचं यंत्र आपल्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहे, अशी खबर त्याने आणली होती. पहिल्याने बघितलं त्याचंच नाव राहतं. शिवाय त्याचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. हे त्याने सरांना सांगितलं नाही, मावशीला सांगितलं. हिंदी धड दोघांनाही येत नव्हती, पण मावशी तेवढं समजली आणि त्याच्या ताटात माशाची तिसरी तुकडी वाढली.

तो तीन दिवस राहिला. रोज सकाळी सर आणि तो त्या सातांवर बसायचे, आणि मी रजा टाकून चहा पुरवत बसायचे. अनिर्बाणने चार वेगवेगळ्या तऱ्हांनी दाखवून दिलं की सात खरे असण्याची शक्यता भक्कम आहे. सर प्रत्येक वेळी मान हलवायचे, बरोबर आहे म्हणायचे, आणि सही करायचे नाहीत. शेवटी अनिर्बाण म्हणाला, मग सात काढून टाकू, एकोणीसवर पाठवू. सर म्हणाले, का काढले ते लिहा. तो म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्यावर सर उठून ओसरीवर गेले. तिथून समुद्र दिसायचा. तो बघत उभे राहिले.

चौथ्या दिवशी अनिर्बाण गेला. जाताना सरांच्या पाया पडला. त्याचा मला राग आला, पाया पडण्याचा.

एसटी गेल्यावर मी परत सरांकडे आले ते भांडायलाच. त्या परीक्षेनंतर मी त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. विचारलं की सर, त्या पाळीत असं काय झालं होतं जे तुम्ही त्या पोराला सांगू शकला नाहीत? तेव्हा कुठे ते बोलले.

शोधकाला एक नॉब असतो. ठरावीक ताकदीखालच्या टिचक्या यंत्राने मोजूच नयेत, म्हणून ती पातळी त्या नॉबने ठरवतात. नॉब खाली केला तर बारीकसारीक टिचक्याही मोजल्या जातात, त्यात यंत्राची स्वतःची खरखरही येते. ती पाळी सरांची होती. त्या दिवशी त्यांनी काहीतरी बघायला म्हणून नॉब खाली केला होता आणि नंतर परत वर केला होता. कधी खाली केला आणि कधी वर, ते वहीत लिहिलेलं नव्हतं. म्हणजे तेवढ्या वेळात खरखर किती आली असेल ते मोजता येत नव्हतं, आणि ते सात खरे की नुसती खरखर, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी विचारलं, लिहिलं का नाही? ज्या माणसाने भाताची वेळ भिंतीवर लिहिली, त्याने हे का लिहिलं नाही?  सर म्हणाले, “सिंगाडे इल्ले, गो. गरम होते.”

सिंगाडे म्हणजे तिकडचे समोसे. पाळीवर चहाबरोबर आले, सर वही बंद करून खायला उठले, आणि परत आल्यावर विसरले. तीस वर्षांत एकदा.

मला हसावं की त्यांच्या अंगावर ओरडावं ते कळेना. मी म्हटलं, असंच लिहा ना. पातळी बदलली होती, वेळ नोंदवलेली नाही. एक वाक्य. लोक वाचतील, ठरवतील. सर म्हणाले, ते लिहिलं की बाकीच्या एकोणिसांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. वही एकट्याची नसते, सगळ्यांची असते. ते अगदीच खोटं नव्हतं. पण मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मला खरं कारण दिसलं. त्यांना ते वाक्य जगासमोर लिहायची लाज वाटत होती. आयुष्यभर ज्यांना वहीवरून झापलं, ती एकतीस माणसं ते वाक्य वाचणार होती. मी ते तोंडावर बोलले. “सर, हा प्रामाणिकपणा नाही. हा गर्व आहे, आणि त्याची किंमत तो मुलगा देणार आहे.”

 पुढचे दोन महिने मी तोंडवळीला गेले नाही. मार्चअखेर अनिर्बाणचं कंत्राट संपलं आणि संस्थेने ते वाढवलं नाही. तो आसनसोलला एका खासगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवायला लागला. निबंध तसाच राहिला.

मग रविवार परत सुरू झाले, कारण मावशीने बाजारात मला गाठून सांगितलं की भाऊ जेवत नाही. मी गेले. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. सर खूप वाळले होते. छातीचं दुखणं लागलं होतं आणि गोळ्यांच्या वेळा भिंतीवर आल्या होत्या.

दोन वर्षांनी युरोपातल्या गटाचा निबंध आला. कॉलेजात तोवर इंटरनेट आलेलं होतं, मीच तो आधी वाचला, तिथेच छापून घेतला आणि स्कूटीवरून तोंडवळीला गेले. वाटेत हडीच्या पुलावर थांबून मी तो पुन्हा एकदा वाचला. मला धीर होईना. त्यांच्याकडे आमच्यासारख्या सव्वीस टिचक्या नव्हत्या, हजारो होत्या. आणि त्या दोन प्रकारच्या होत्या. मोठ्या, आमच्या एकोणिसांसारख्या. आणि बारीक. हे केंद्रक दोन तऱ्हांनी मरत होतं, कधी जोराचा प्रोटॉन फेकून, कधी हळूचा. हळूचे प्रोटॉन आमच्या नॉबच्या नेहमीच्या पातळीखाली होते, म्हणून बाकी कुठल्याच पाळीत ते दिसले नाहीत. जिथे सरांनी नॉब खाली केला होता त्या एका पाळीत ते दिसले. सातच्या सात खरे होते. आणि नुसते खरे नव्हते, सगळ्या कामातली सगळ्यात नवी गोष्ट तीच होती.

सरांनी कागद घेतले, चष्मा पुसला, आलेखाचं पान काढलं. मग आपल्या ट्रंकेतून तो जुना आलेख काढून त्यांनी त्या पानाशेजारी ठेवला. पट्टीने सात ठिपके एकेक करून त्या बारीक उंचवट्यावर आणून बघितले. मी उभीच होते. शेवटचा ठिपका झाल्यावर त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि तळहातांनी चेहरा झाकून घेतला. रडताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

मावशी बाजारातून टोपली घेऊन आली. तिने विचारलं, काय झालं. मी तिला जमेल तसं समजावलं. तिने टोपली उतरवून ठेवली आणि पदराने मान पुसली.

“जाळ्याचो आस बारको केल्यार बारक्या म्हावरा गावतलाच,” ती म्हणाली. “तेका खोटा कित्याक म्हणूचा? ह्येका शिकान इतक्या कळाक नाय?”

आस म्हणजे जाळ्याचं भोक, म्हावरा म्हणजे मासळी. सरांनी चेहऱ्यावरचे हात काढले, तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मग मला विचारलं की अनिर्बाणचा पत्ता आहे का.

मी म्हटलं, पत्र लिहा. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय, वाटेत काही झालं तर कोण बघेल. मावशी म्हणाली, मी येते बरोबर. सर कुणाचंच ऐकेनात. पत्रात माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच लिहितो, असं त्यांचं म्हणणं. मग मी त्यांच्या एकट्याची तिकिटं काढली, कुडाळहून मुंबईपर्यंत आणि तिथून पुढे. ती काढताना त्यांनी माझ्याशी खालची बर्थ की वरची यावरून पाऊण तास वाद घातला.

ते तिकडून परतले नाहीत. आठव्या दिवशी अनिर्बाणच्या घरीच वारले. त्याने मला फोनवर सांगितलं की सर पोचले त्या दिवशी दारातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी सगळं सांगून टाकलं, नॉबचं आणि सिंगाड्यांचं. मग त्यांनी अनिर्बाणच्या लहान मुलीचं नाव विचारलं. मी अनिर्बाणला विचारलं, तू काय म्हणालास? तो म्हणाला, मी दोन वर्षं काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण सर इतके दमले होते की मी आधी त्यांना बसायला खुर्ची दिली. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुडाळ स्टेशनावर. मावशीने सुके बांगडे आणि आमसुलं बांधून दिली होती, त्या पिशवीचा वास सगळ्या बाकभर पसरला होता. गाडी तासभर उशिरा होती.  मी त्यांना विचारलं, तिथे जाऊन काय सांगणार आहात?

“काय सांगतलंय? चुकलंय म्हणान सांगतलंय.”  मग रुळांकडे बघत ते म्हणाले, “खोटा मी कधी आत घेवक नाय, ह्या खरा. पण खरा भायर टाकलंय. ता खंय लिवचा, गो?”

 नेमकी तेव्हाच गाडीची घोषणा झाली आणि मला सामानात गुंतता आलं.

मी त्यांना डब्यात बसवलं, पिशवी बर्थखाली सारली, गोळ्या कुठल्या खिशात आहेत ते दोनदा सांगितलं आणि खाली उतरले. वळून बघते तर सर दारात. एक पाय पायरीवर. चेहरा पांढरा पडलेला. मला म्हणाले की पत्रच लिहितो, मी उतरतो, तुझंच बरोबर होतं. त्यांना भीती वाटत होती. इतकी वर्षं मी त्यांना अडून बसलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

गाडीने शिट्टी दिली. माझा राग एकदम उसळून वर आला, सगळ्या वर्षांचा. मी फलाटावरून, लोकांसमोर, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञावर एखाद्या विद्यार्थ्यावर ओरडावं तशी ओरडले, “सर, आत जा आणि बसा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायरीवरचा पाय उचलून आत घेतला. गाडी हलली तेव्हा खिडकीत मला ते दिसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंडी परीक्षेला बाहेर थांबलेल्या मुलासारखे सरळ समोर बघत बसले होते. हात करायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.